उत्सवातली कीर्तनाची संध्याकाळ : ठेवायची की सोडायची?



यंदाचा गणेशोत्सव पार पडल्यावर मंडळाची हिशेबाची बैठक झाली. तीत एक सूचना आली. पुढच्या वर्षीपासून तीन दिवसांचे कीर्तन बंद करावे, फार तर एका दिवसावर आणावे, आणि वाचलेला वेळ व पैसा 'सर्वांना आवडेल' अशा कार्यक्रमाला द्यावा. सूचना करणारे तरुण सभासद होते आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. कीर्तनाला समोर तीसेक माणसे असतात आणि त्यातली निम्मी आरतीसाठी थांबलेली असतात, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मी त्या तिसांतला एक असल्यामुळे मला ते नाकारता येत नाही.

निर्णय पुढच्या सभेपर्यंत लांबणीवर टाकला आहे. त्याआधी सभासद आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर थोडा विचार मांडावा म्हणून हे लिहीत आहे. मी काही कीर्तनशास्त्राचा अभ्यासक नाही. सारी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे कुठलाही प्रश्न आला की आधी वही उघडून पाहायची सवय लागली. तशीच ती इथेही उघडली.

उदाहरण आपल्याच शहरातले

समोर उभे राहून कथा सांगणाऱ्या माणसाला उत्सवात जागा द्यायची म्हणजे काय करायचे, हे पाहायला पुण्या-मुंबईला जायला नको. डिसेंबरात आपल्याच ग्वाल्हेरच्या हजीऱ्याला जावे. तिथे महंमद घौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची समाधी आहे. तानसेन समारोह म्हटले की आपल्याला संध्याकाळचे मोठे व्यासपीठ आणि नामांकित गवई आठवतात. पण समारोहाची सुरुवात त्या व्यासपीठावर होत नाही. ती सकाळी समाधीपाशी होते. सनई वाजते, मग ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतली हरिकथा होते, मग मिलाद होतो आणि चादर चढवली जाते. १९२४ साली शिंदे सरकारच्या काळात सुरू झालेल्या या समारोहाने २०२४ च्या डिसेंबरात शंभरावे पर्व साजरे केले, आणि तेव्हाही पहिला मान सनई, हरिकथा आणि मिलाद यांचाच होता.

लश्करात ढोलीबुवांचा मठ आहे. 'ढोलीबुवा का पूल' हे मोहल्ल्याचे नाव रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. मराठी कीर्तनाच्या घराण्यातून आलेली ही हरिकथा समारोहात हिंदीतून होते. निरूपण, मध्येच भजन, पुन्हा निरूपण असा तिचा बाज आहे. समोर बसलेल्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, गाणे शिकणारी मुले असतात. संध्याकाळच्या गर्दीच्या मानाने ही माणसे थोडीच. तरीही 'श्रोते कमी येतात, तेव्हा हरिकथा काढून टाका' असा ठराव कुणी मांडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

तसे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. हरिकथेची तिथली जागा ठरलेली आहे, हे त्याचे उत्तर मला सापडले. ती आधी होते आणि मग बाकीचे होते. दर वर्षी ती लोकप्रियतेच्या परीक्षेला बसवली जात नाही. सजावट संपली, भाषणे संपली, मग वेळ उरला तर हरिकथा, असा प्रकार तिथे नाही.

आपल्याकडे नेमके तेच झाले आहे.

गर्दी का ओसरली

आमच्या लहानपणी वाड्यातल्या गणपतीत रात्रीची जेवणे आटोपली की नऊच्या सुमारास बुवा कीर्तनाला उभे राहत. नमन, पूर्वरंगातले निरूपण, मध्ये नामाचा गजर, बुवांच्या गळ्यात हार आणि कपाळी बुक्का, मग उत्तररंगातले आख्यान आणि शेवटी आरती. हे चालायला अडीच-तीन तास लागत. बायका ओटा आवरून येत, पुरुष दुकान बंद करून येत आणि मुले आख्यानापर्यंत जागी राहण्याची पैज लावत. आम्हा पोरांना पूर्वरंग कधी कळला नाही. पण उत्तररंगात बुवा एकाच उपरण्याचा पदर डोक्यावर घेऊन जनाबाई होत आणि तोच कमरेला बांधून हनुमान होत, हे पन्नास वर्षांनंतरही डोळ्यांसमोर आहे.

मग वेळेचे गणित बदलले. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकाला बंदी झाली. नियम योग्यच आहे. आजारी माणसाच्या घरासमोर ज्याने मोठमोठे स्पीकर सोसले आहेत त्याला तो पटेल. वर्षातून ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारला आहे, पण त्या सवलतीच्या भरवशावर बाहेरगावच्या बुवांना बोलावता येत नाही. म्हणून आपण काय केले? कीर्तन नऊवरून सातवर आणले. सातला नोकरी करणारा माणूस घरी पोहोचलेला नसतो, मुले शिकवणीला असतात आणि गृहिणी स्वयंपाकघरात असतात. म्हणजे ज्या वेळी कुणी येऊच शकत नाही ती वेळ आपण कीर्तनाला दिली आणि वर 'लोक येत नाहीत' असा शेरा मारला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर भर दुपारी एखादा काउंटर बंद ठेवायचा आणि महिनाअखेरीस त्या काउंटरवर व्यवहार कमी झाले म्हणून तो कायमचा काढून टाकायचा, तसे हे झाले.

इथे एक गोष्ट बऱ्याच सभासदांना माहीत नसावी. त्याच नियमांत बंदिस्त जागेतल्या वापराला रात्रीची ही बंदी लागू नाही. सभागृह, सामाजिक कार्याचा हॉल अशा जागी आतल्या आत ध्वनिक्षेपक चालतो, आवाज बाहेर जाऊन त्रास होऊ नये एवढे पाहावे लागते. म्हणजे मंडपात ऑर्केस्ट्रा रात्री दहाला थांबवावाच लागतो, पण कीर्तन किंवा कथाकथन हॉलमध्ये साडेआठला सुरू करून निवांत सव्वादहापर्यंत चालवता येते. शे-दीडशे माणसांसाठी एक माइक आणि एक छोटा स्पीकर पुरतो. आपल्याला हॉल आहे. आजवर उत्सवात आपण तो जेवणाची भांडी ठेवायला वापरत आलो आहोत.

पाकिटाची गोष्ट

आता वही उघडतो. काही वर्षे मी कोषाध्यक्ष होतो, तेव्हा यातला दोष माझ्याही नावावर आहे. मंडप, रोषणाई, ध्वनिव्यवस्था, ऑर्केस्ट्रा या सर्वांची आपण आधी दरपत्रके मागवतो, आगाऊ रक्कम देतो आणि प्रत्येकाचे वेगळे खाते लिहितो. कीर्तनकाराचे मानधन मात्र वर्षानुवर्षे 'इतर खर्च' या सदरात गेले आहे. फुले, उदबत्ती, झेरॉक्स आणि कीर्तन एकाच ओळीत. आकडा आधी ठरलेला नसतो. शेवटी जे उरेल त्यातून पाकीट भरले जाते.

एका वर्षीची गोष्ट सांगतो. तिसऱ्या दिवसाचे कीर्तन चालू होते आणि पुढचा कार्यक्रम करणारी मंडळी मागे आपली वाद्ये मांडत होती. मधूनच ढोलावर थाप पडे. बुवांनी आख्यान आवरते घेतले. अर्धी कथा गिळलीच म्हणा ना. आरती झाल्यावर मी त्यांना मंडपामागच्या पायऱ्यांवर गाठून पाकीट दिले. त्यांच्याबरोबर तबलजी आणि पेटीवाले होते आणि तिघांना रात्रीची गाडी पकडायची होती. बुवांनी पाकीट न उघडता खिशात ठेवले आणि म्हणाले, "काका, पुढच्या वेळी थोडी कमी वेळ द्या, पण आमची म्हणून द्या." रागावून नव्हे, शांतपणे बोलले. पुढच्या वर्षी आम्ही त्यांना बोलावले तेव्हा ते दुसरीकडे बांधलेले होते. त्यानंतर त्यांना पुन्हा विचारलेच गेले नाही.

तरुण मंडळी म्हणतात की चांगले कीर्तनकार मिळत नाहीत. मिळतील कसे? एका कीर्तनामागे तीन माणसांचा प्रवास, राहणे, जेवण आणि तयारीचे कित्येक दिवस असतात. घरातल्या मुलाने किंवा मुलीने ही कला पुढे चालवायची तर तिच्यावर पोट भरायला हवे. पूर्वी हे घरातून घरात चालत आले. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे वडील कीर्तनकारच होते. अशा घरांतून महाराष्ट्राला कथेकरी मिळाले तसे गवईही मिळाले. ती घरे 'इतर खर्च' या सदरावर टिकत नाहीत.

महाराष्ट्रातल्या बातम्या आणि आपण

गेल्या दीड-दोन वर्षांत आनंदाच्या बातम्या भरपूर आल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला अठ्ठ्याण्णवावे साहित्य संमेलन झाले आणि अध्यक्षपदी डॉ. तारा भवाळकर होत्या, ज्यांनी आयुष्य लोकसाहित्याच्या आणि मौखिक परंपरेच्या अभ्यासाला दिले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. एका मराठी वाहिनीवर तर कीर्तनकारांची स्पर्धा झाली आणि कोवळ्या वयाच्या मुली-मुलांनी काय तयारीने निरूपण केले ते आपण घरोघर पाहिले.

याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. एक म्हणजे ही कला संपलेली नाही. तरुण कीर्तनकार आहेत आणि त्यांना ऐकणारेही आहेत. दुसरा अर्थ आपल्यासाठी कडू आहे. राज्य महोत्सवाच्या योजना राज्यातल्या मंडळांसाठी असतात आणि ते साहजिक आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद इथल्या मंडळांचे उत्सव आपापल्या वर्गणीवर चालतात. पुण्यात एक मंडळ कीर्तन बंद करते तेव्हा शेजारच्या देवळात ते चालू असते. आपण बंद केले तर आपल्या मुलांना समोरासमोर मराठीतून गोष्ट सांगणारा माणूस पाहायला कुठे न्यायचे?

दूरदर्शन आणि मोबाइल आहेतच, असे कुणी म्हणेल. आम्हीही वपुंच्या आणि शंकर पाटलांच्या कथाकथनाच्या कॅसेट झिजेपर्यंत ऐकल्या. माडगूळकर, पाटील, मिरासदार या तिघांनी गावोगाव कथा सांगत जी वाट पाडली तिचा प्रसाद आमच्यापर्यंत कॅसेटमधूनच आला, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण कॅसेटमधला कथाकार आपल्याकडे पाहत नाही. समोरचा पाहतो. लहान मुले चुळबुळ करू लागली की तो कथेत माकड आणतो, एखादी आजी डोळे पुसताना दिसली की तिथे क्षणभर थांबतो. यंदा बुवांनी गोष्टीतल्या चोराला माझ्या मागे बसलेल्या एका छोट्या मुलाच्या रंगाचा सदरा घातला. पुढची वीस मिनिटे तो मुलगा जागचा हलला नाही. हे रेकॉर्डिंगमध्ये होऊ शकत नाही.

आणि उत्सवाबद्दल बोलतोच आहोत तर हेही लक्षात असू द्यावे की आपण काही महाराष्ट्राचे अनुकरण करणारे नव्हे. पुण्याचे कृष्णाजीपंत खाजगीवाले यांनी १८९२ च्या सुमारास ग्वाल्हेरचा दरबारी थाटाचा गणेशोत्सव पाहिला आणि त्यावरून पुण्यात सार्वजनिक उत्सवाची कल्पना रुजली, असे सांगितले जाते. पुढे लोकमान्यांनी तिला बळ दिले. ज्या गावाकडे पाहून कल्पना सुचली त्या गावाने तरी काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे स्वतः विचार करून ठरवावे.

भाषेचा अवघड प्रश्न

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. आपल्या नातवंडांना कीर्तनातली मराठी कळत नाही. माझी नात घरी मराठी बोलते, पण ती स्वयंपाकघरातली मराठी आहे. 'निरूपण', 'वैराग्य', 'कळवळा' हे शब्द आले की ती माझ्याकडे पाहते. यंदा दुसऱ्या दिवशी बुवांनी आख्यानाच्या मध्ये दोन-चार मिनिटे हिंदीतून प्रसंग समजावला, तेव्हा मागच्या रांगेतली मुले सतरंजीवर पुढे सरकली. आरतीनंतर आमच्याच वयाच्या दोघा-तिघांनी तक्रार केली की मराठी मंडळात हिंदी कशाला.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तंजावरचे उदाहरण घ्या. मराठा राजवटीमुळे तिथे मराठी कीर्तन पोहोचले. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांना ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांसारख्यांनी तोच बाज तमिळमध्ये आणला, आणि आज ज्याला तिकडे हरिकथा म्हणतात ती आकाराला आली. साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्ते तमिळ कथेत जाऊन बसली. कला जगली आणि बहरली. पण तिची भाषा बदलली. मराठी मागे राहिली ती चालींपुरती. हजीऱ्याच्या समाधीपाशी हिंदी हरिकथा होते ती योग्यच आहे, कारण तिथला श्रोता साऱ्या गावाचा आहे. आपल्या हॉलमधला श्रोता आपल्या घरातला आहे. त्याला मराठी ऐकण्याची तीनशे पासष्ट दिवसांतली हीच एक-दोन संध्याकाळ असते.

म्हणून माझे मत असे की आख्यान मराठीतच व्हावे आणि जिथे मूल अडखळेल तिथे हिंदीचा हात द्यावा. उलटे करू नये. चांगल्या कीर्तनकाराला हे आधी सांगितले तर तो ते सहज करतो. आपण आधी कधी सांगितलेच नाही.

पुढच्या सभेसाठी प्रस्ताव

तरुण सभासदांची अर्धी मागणी मला मान्य आहे. तीन दिवस कीर्तन नको. कशीबशी उरकलेली तीन कीर्तने करण्यापेक्षा नीट केलेल्या दोन संध्याकाळी बऱ्या. माझा प्रस्ताव असा :

१. उत्सवातल्या दोन संध्याकाळी कथेसाठी राखून ठेवाव्यात. एक नारदीय कीर्तनाची, दुसरी कथाकथनाची. दुसरीत पुराणकथा असलीच पाहिजे असे नाही, मिरासदारांसारखी हसवणारी ग्रामीण कथाही चालेल.

२. कार्यक्रम हॉलमध्ये, रात्री साडेआठला, पावणेदोन तासांच्या आत. पूर्वरंग आटोपशीर ठेवून उत्तररंगाला जास्त वेळ द्यावा, अशी विनंती आधीच करावी. त्या वेळेत मंडपात दुसरे काहीही मांडू नये.

३. मानधन, प्रवास आणि निवास यांचे वेगळे खाते असावे. अंदाजपत्रकात ही रक्कम रोषणाईच्या आधी मंजूर व्हावी आणि निम्मी आगाऊ पाठवावी. पाकीट पायऱ्यांवर देऊ नये. बँकेत जमा करावे आणि पत्र सोबत द्यावे.

४. दुसऱ्या संध्याकाळी पहिली पंधरा-वीस मिनिटे आपल्याच मुलामुलींनी मराठीतून एकेक गोष्ट सांगावी. नंतर त्यांनी पाहुण्या कथाकारासमोर बसावे. स्वतः उभे राहून सांगून पाहिलेले मूल दुसऱ्याचे सांगणे वेगळ्या कानांनी ऐकते.

५. हे तीन वर्षे करून पाहावे आणि मगच माणसे मोजावीत. एका वर्षाच्या आकड्यावर खाते बंद करू नये.

पैशाचा प्रश्न येईल. यासाठी वर्गणी वाढवायची गरज नाही. तीन दिवसांऐवजी दोन दिवस केल्याने एका दिवसाचा खर्च वाचतो आणि हॉल असल्यामुळे मंडपाच्या ध्वनिव्यवस्थेचे त्या दोन रात्रींचे भाडे वाचते. उरलेले कमी पडले तर पहिल्या वर्षीच्या एका संध्याकाळचे मानधन आमच्या घरून दिले जाईल. सौभाग्यवतीशी बोलून हे लिहीत आहे.

हे सर्व करूनही तीन वर्षांनी समोर तीसच माणसे राहिली, तर मी स्वतः सभेत उभा राहून खाते बंद करण्याचा ठराव मांडेन. तेव्हा निदान आपण खरोखर प्रयत्न करून थांबलो असे म्हणता येईल. आज तसे म्हणता येणार नाही.

सभेला जरूर यावे. येताना घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीलाही आणावे आणि हा विषय निघेल तेव्हा त्यांना काय वाटते ते विचारावे. आजवर आम्ही त्यांना विचारलेले नाही.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद
(निवृत्त बँक अधिकारी), लश्कर, ग्वाल्हेर